दोनचा माणूस

क्लेम अंब्रमने पहिल्यांदा माणूस पाडला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. मॅके गावच्या जत्रेत तेव्हा बॉक्सिंगचा तंबू लागायचा. तंबूवाल्याचे पैलवान बाहेर फळीवर उभे राहायचे, ढोल बडवला जायचा, आणि गावातल्या ज्याला खुमखुमी असेल त्याने वर चढून त्यांच्याशी तीन फेऱ्या खेळायच्या. क्लेम चढला. दोन फेऱ्या त्याने नुसता मार खाल्ला. तिसरीत एकच ठोसा मारला. समोरच्याचा जबडा जागचा सरकला. तोंडातून दोन दात पडले, त्यांच्यामागून जिभेचा तुकडा. क्लेम खाली बघत राहिला. आपल्याला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं.

बघ्यांमध्ये बास्केटबॉलचा एक प्रशिक्षक होता. त्याला ठोशाचं काही वाटलं नाही. त्याच्या लक्षात राहिल्या त्या आधीच्या दोन फेऱ्या. एवढं झोडपलं तरी जो पाय हलवत नाही तो आपल्या कामाचा, असं तो पुढे कितीतरी वर्षं सांगायचा.

तेविसाव्या वर्षापर्यंत क्लेम गावाबाहेरच्या कत्तलखान्यात होता. टांगलेली जनावरं पुढे सरकत यायची आणि तो त्यांची छाती फाडायचा. दिवसाला चारशे. संध्याकाळी हातांना वास तसाच असायचा आणि तो खेळायला जायचा. मग गावच्या बास्केटबॉल क्लबने त्याला घेतलं. उंची सहा फूट आठ इंच, वजन एकशे अठरा किलो. कत्तलखान्यातला मुकादम म्हणाला की काम तेच आहे, फक्त कपडे बदलतील.

मुकादम फारसा चुकला नाही. क्लबचा सगळा खेळ एका अमेरिकन माणसावर उभा होता. त्याचं नाव डेशॉन रकर. हलका, हरणासारखा. रकर धावायचा, त्याच्यामागे प्रतिस्पर्धी धावायचा, आणि वाटेत क्लेम उभा असायचा. रकर त्याला घासून निघून जायचा. मागचा क्लेमवर आदळायचा. नियमाप्रमाणे क्लेमने फक्त उभं राहायचं असतं. पण आदळण्याच्या क्षणी खांदा इंचभर पुढे नेला तर पंचाला दिसत नाही आणि समोरच्याची बरगडी वाजते. पहिल्याच मोसमात त्याने एकाच्या गालाचं हाड मोडलं. दुसऱ्या वर्षी एक जण चेंडूसारखा उडून जाहिरातीच्या फळीवर पडला आणि बराच वेळ उठला नाही. क्लेमचं स्वतःचं नाक तीनदा मोडलं. डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. रकरला इतक्या वर्षांत ओरखडा आला नाही.

लीगने संघाच्या एकूण पगाराला मर्यादा घातली होती. श्रीमंत क्लब तिच्यातून पळवाटा काढायचे, म्हणून लीगने आणखी एक कात्री आणली. प्रत्येक खेळाडूला एक ते दहा असा भाव लावायचा, आणि संघातल्या दहा जणांचे भाव मिळून सत्तरच्या वर जाता कामा नये. भाव ठरायचा आकड्यांवरून. माणसाने केलेले गुण आणि टोपलीवरून परतताना झेललेले चेंडू यांची बेरीज करायची, मोसमाची सरासरी काढायची. सरासरी पाचच्या खाली राहिली तर दोन, पाचला पोचली की तीन, असं वर चढत जायचं. रकरचा भाव दहा. क्लेमचा दोन. मोडलेल्या बरगड्यांचा रकाना लीगकडे नव्हता.

म्हणूनच तो क्लबला परवडायचा. आठचं काम करणारा दोनचा माणूस.

हे गणित बेव स्टाउट करायची. ती क्लबची व्यवस्थापक. साठीची, आवाज घोगरा, आधी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढलेली. मोसमाच्या शेवटच्या सामन्याआधी, शुक्रवारी दुपारी, तिने क्लेमला बोलावून घेतलं. पुढच्या वर्षीची यादी तिच्यासमोर होती. नऊ जणांचे करार आधीच झालेले, त्यांची बेरीज अडुसष्ट. करार संपत होता तो एकट्या क्लेमचा. तो दोनवर राहिला तर बरोबर सत्तर. तीनवर गेला तर एकाहत्तर, आणि मग तिच्या हातात काही नव्हतं.

क्लेम बत्तीस वर्षांचा होता. बायको नेटा आणि तीन मुलं. दुसरा कुठलाही क्लब या वयात त्याला विचारणार नव्हता. त्याला एक वर्ष हवं होतं. फक्त एक. कत्तलखान्यात परत जायची वेळ एक वर्ष पुढे ढकलायची होती. हे त्याने बेवला सांगितलं नाही. तिला ठाऊक होतं.

"सत्तावीस सामन्यांत तुझी बेरीज एकशे सोळा आहे," बेव म्हणाली. "परवा तेवीसपर्यंत चालतील. चोविसावा झाला की तू तीनचा."

"तेवीस?" क्लेम हसला. "बेव, मी आयुष्यात कधी तेवीस केलेत का?"

"नाही केलेस. म्हणून तर झोप लागते मला. कुणाला काय मारायचं ते मार, राजा. फक्त टोपलीत टाकू नकोस."

रविवारी दुपारी बॅलरॅटचा संघ आला. फेब्रुवारी म्हणजे तिकडे ऐन उन्हाळा, पत्र्याचं छप्पर, पाच हजार माणसं घामाने निथळत बसलेली. जिंकलं तर मॅके पहिल्यांदाच बाद फेरीत जाणार होतं. बॅलरॅटकडे क्लेमच्याच कामाचा एक माणूस होता. क्रेग होल्ट. लालसर दाढी, कपाळावर जुनी खोक. तोही दोनचा. असे दोन जण समोरासमोर आले की बाकीचे आठ जण जरा लांबून खेळायचे.

दुसऱ्या सत्राच्या अखेरीस रकर उंच उडाला. तो हवेत असताना होल्ट त्याच्या खाली शिरला. रकर उलटा झाला आणि हातावर पडला. आवाज वरच्या रांगेपर्यंत गेला. मनगटाच्या वर कातडी फाटून पांढरं हाड बाहेर आलं होतं. रकर ओरडला नाही. हाडाकडे बघून तो ओकला. पंचांनी साधा फाउल दिला.

रकरला उचलून नेलं. फरशीवरचं रक्त पुसून झालं. प्रशिक्षक क्लेमजवळ आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून नुसतं "बघ मग" म्हणाला. पुढे काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं. माणसं उठून उभी राहिली. क्लेमने होल्टला पाडायचं, पंचांनी क्लेमला बाहेर काढायचं, हिशेब मिटायचा. त्याचा दोनचा भावही त्यात टिकत होता. तोवर त्याची बेरीज होती तीन.

होल्टही तयार होता. हनुवटी छातीला लावून, कोपरं वर घेऊन तो उभा होता.

"ये दोन्या," तो म्हणाला. "उरक एकदाचं."

क्लेम त्याच्याकडे चालत गेला. तेवढ्यात चेंडू त्याच्या हातात आला. तो रकरला द्यायची सवय होती. रकर नव्हता. क्लेम वळला, टोपलीकडे बघितलं आणि टाकला. चेंडू आत गेला. लोकांना टाळी वाजवायची आठवण उशिरा झाली.

मग तो टाकतच राहिला. सरावात रोज एकटा शंभर चेंडू टाकायचा तो, हे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. होल्टला पहिल्यांदा काही कळेना. मारायला आलेला माणूस मारत नव्हता. मग त्याने स्वतः सुरुवात केली. कोपर क्लेमच्या भुवईवर बसलं, भुवई फाटली. रक्त वाहत असेल तर मैदानात राहता येत नाही. क्लेम बाहेर आला, जखमेत व्हॅसलिन कोंबलं, वर पट्टी लावली, परत गेला. होल्टने मांडीत गुडघा घातला. पंचाची पाठ वळली तसा बरगडीखाली ठोसा मारला, मग त्याच जागी दुसरा. दुसऱ्याला क्लेमच्या आत काहीतरी तुटलं. तो वाकला, सरळ झाला, हात वर करून चेंडू मागितला.

"मार ना रे," होल्ट त्याच्या कानात म्हणाला. आवाजात आता राग नव्हता. "काय झालंय तुला? मार की."

क्लेमच्या तोंडात रक्त होतं. त्याने गिळलं आणि धावला.

टोपलीवरून परतलेला एक चेंडू त्याने दोघांच्या डोक्यांवरून ओढून काढला. एकाचं नख त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात शिरलं. तो झेल धरून बेरीज तेवीस झाली. बेव दुसऱ्या रांगेत होती. ती उभी राहिली. चाळीस सेकंद उरले होते, मॅके एका गुणाने मागे होतं. क्लेमने एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने तळवा छातीसमोर धरला होता. थांब.

चेंडू कुणालाही देता आला असता. डावीकडे एक जण मोकळा होता.

क्लेमने होल्टकडे पाठ केली, पाठीने त्याला दोन पावलं आत रेटलं आणि वळला. होल्टचा हात त्याच्या मानेवर कुऱ्हाडीसारखा आला. शिट्टी वाजली नाही. चेंडू कडेवर नाचला आणि आत पडला. क्लेम तोंडावर आपटला. उरलेला सामना त्याने फरशीला गाल लावून पाहिला. लोक त्याच्या अंगावरून उड्या मारत होते, तेव्हा त्याला कळलं की सामना संपला, मॅके जिंकलं.

बेव मंगळवारी घरी आली. सकाळची वेळ होती. क्लेम व्हरांड्यात बसला होता. दोन फासळ्या मोडलेल्या, एक डोळा बंद, मान वळत नव्हती. बाद फेरी तो खेळणार नव्हताच. नेटाने खेकडे उकडायला ठेवले होते. बेव खुर्चीवर टेकली.

"तीन," ती म्हणाली.

"हं."

"मी तळवा दाखवला होता."

"दिसला मला."

"मग?"

क्लेमने खांदे उडवायचा प्रयत्न केला, पण फासळीने उडवू दिले नाहीत. माझ्या जागी कोण, असं त्याने विचारलं. बेवने अंगणाकडे बघत नाव सांगितलं. क्रेग होल्ट.

नेटा दारात आली. "ज्याने डेशॉनचा हात मोडला तो?"

"तो दोनचा आहे," बेव म्हणाली. "बॅलरॅट त्याला सोडतंय. डेशॉन सप्टेंबरात परत येणार, त्याच्यासाठी कुणीतरी उभं राहायला हवं. दोनमध्ये असा माणूस मिळतो कुठे?"

नेटाने बेवला जे ऐकवलं ते तिने मुलांसमोर कधी उच्चारलं नसतं. मग ती आत गेली आणि भांडी आपटत राहिली. बेवने सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं.

क्लेम उठला. खुर्चीच्या पाठीला धरून, दातावर दात दाबून. बेवलाही त्याने उठायला सांगितलं.

"इथे उभी राहा. तू रकर."

"बस खाली, क्लेम."

"उभी राहा म्हणतो ना. रकरने उडी मारली की तो डाव्या पायावर उतरतो. नेहमी. उतरताना मागे जागा रिकामी राहते, तिथून लोक खाली शिरतात. होल्टला सांग, बाजूला नाही थांबायचं. इथे."

तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. पाय रोवले. एक हात फासळीवर होता, दुसरा त्याने तिच्या पाठीशी आडवा धरला, तिला लागणार नाही असा.

"एवढं अंतर," तो म्हणाला. "याच्यापेक्षा जास्त नाही. कळलं?"

बेवने मान डोलावली. तो हलेना, म्हणून तीही तशीच उभी राहिली.