न लिहिलेला प्रवेश

ते बाजारात वांग्यांचा भाव विचारायचे तोही कुजबुजत. भाजीवाली पुढं वाकायची, शेजारचं गिऱ्हाईकही वाकायचं, आणि वांग्यांच्या ढिगाभोवती काहीतरी कट शिजतोय असं वाटायचं. चाळीस वर्षं ते पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते, म्हणजे पडद्याआड विंगेत बसून वहीतलं वाक्य नटांना हळूच सांगणारे. तुम्ही आमच्या वडशाकडची नाटकं पाहिली असतील आणि त्यांचा आवाज तुम्हाला कधी ऐकू आला नसेल, तर तीच त्यांची कमाई.

मग डोळ्यांनी दगा दिला. वही दिसेना. नाटक कंपनीनं शाल-श्रीफळ दिलं आणि बोलावणं बंद केलं.

मी त्यांचा शेजारी, इंग्रजीचा निवृत्त मास्तर. करमत नाही म्हणून ते दुपारी माझ्याकडे येऊन बसत. एकदा मी लॅपटॉपवर जुना ब्रिटिश विनोदी सिनेमा लावला होता, काळापांढरा. त्यांना चित्र धूसर दिसे आणि इंग्रजीचा तर गंधही नव्हता. तरी जरा वेळानं म्हणाले, "सर, हे नाटक होय."

सिनेमा खरोखरच एका नाटकावरून केलेला होता. कसं ओळखलं, तर म्हणे सगळे एकाच खोलीत येतात-जातात, आणि विनोद झाला की लोकांच्या हसण्यासाठी थांबतात. तेवढ्यात पडद्यावरचा म्हातारा बोलताना अडखळला, आणि यांनी त्याला चक्क मराठीतून वाक्य पुरवलं. मी हसून हसून लोळलो. ते मात्र ओशाळले.

तिथून त्या सिनेमाचं मराठी नाटक करण्याचा आमचा उद्योग सुरू झाला. मी अर्थ सांगायचा, त्यांनी मराठी संवाद बोलायचे, मी लिहायचे. लंडनचा बंगला चामोर्शीच्या पाटलाचं घर झाला, त्यात लपलेला जावई तसाच ठेवला. शेवटच्या प्रवेशाशी आलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"हा लिहू नोका, सर. माह्या डोक्यातच राहू द्या."

मी कारण विचारलं.

"पुरी वही भेटली तं मले कोण बोलावन?"

मला तो हट्ट पोरकट वाटला, रागही आला. पण कंपनीला नाटक आवडलं आणि शेवटच्या प्रवेशासाठी त्यांना न्यावंच लागलं. दोन हंगाम ते पुन्हा विंगेत बसले. त्या दिवसांत ते दहा वर्षांनी लहान दिसत.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. आता नाटकाचं कसं होणार म्हणून मी कंपनीतल्या मुख्य नटीला फोन केला, आठवेल तेवढं लिहून देतो म्हणालो.

"सर, तो प्रवेश आमाले दहाव्याच प्रयोगाले पाठ झाला होता," ती म्हणाली. "तरी आमी एका जागी थांबत होतो. बाबांचा आवाज आला का मंगच बोलत होतो."

माझ्या त्या रागाची मला फार लाज वाटली.

यंदा मी प्रयोगाला गेलो. शेवटच्या प्रवेशात जावई दारात उभा होता, आणि ती नटी बोलता बोलता त्याच जागी थांबली. लोकांना तो अभिनय वाटला. विंगेतून कोणी बोललं नाही. थोड्या वेळानं तिनं पुढचं वाक्य म्हटलं.