कुंभारवाड्याच्या रानात नसलेला पूल

हा प्रवास मी एकदा लिहिलेला आहे. तो बेळगावच्या एका साप्ताहिकात छापून आला आणि लोकांना आवडला. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, डोळ्यांचं एक ऑपरेशन झालं आहे, दुसरं व्हायचं आहे. ते होण्याआधी हा प्रवास जसा झाला तसा लिहून ठेवतो.

नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. माघ महिना होता. शाळेतून आठवड्याची रजा काढून मी बेळगावहून रामनगरच्या गाडीत बसलो. पिशवीत वही, टॉर्च आणि अक्कासाठी बेळगावचा गोड कुंदा. रामनगरला माझी थोरली बहीण दिलेली. बेत असा होता की रात्र तिच्याकडे काढायची, मंगळवारी सकाळच्या एकुलत्या एका गाडीने जोयडामार्गे कुंभारवाड्याला जायचं आणि तिथून रानवाटेने यात्रेचं उळवी गाठायचं. वाट दाखवायला देऊबाब येणार होते. (बाब हा तिकडे वडीलधाऱ्यांच्या नावापुढे लावायचा आदराचा शब्द.) यात्रेला पायी जाणारी खानापूर-बेळगावकडची कुटुंबं त्यांना आधी निरोप धाडायची. निरोप पोचला की ते स्टॉपवर हजर, अशी त्यांची ख्याती. मीही कंडक्टरच्या हाती निरोप पाठवला होता.

खानापूर सोडलं की झाडी दाट होत जाते आणि गाडीतली भाषाही बदलते. माझ्या शेजारची बाई एकाच वाक्यात मराठीतून निघून कानडीत शिरली आणि कोकणीत उतरली. मी ते वहीत टिपलं. त्या वहीत खरं लिहिलेलं ते शेवटचं पान.

अक्काच्या घरी पुढच्या खोलीत भाची सुनंदाने टायपिंगचा क्लास काढला होता. पाच टाइपरायटर आणि कोपऱ्यात, फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला एक कॉम्प्युटर. मंगळवारी सकाळी चहा घेत असताना तिने ते कापड काढलं.

"मामा, तुम्ही एवढे फिरता. ह्या मुलखात कधी गेलाय काय?"

पुण्याच्या मैत्रिणीने तिला एक खेळ दिला होता. मला वाटलं, चेंडूफळीसारखं काही असेल. पण यंत्राने आधी माझं नाव विचारलं. मग मी कोण, हे विचारलं. योद्धा, मांत्रिक की चोर? सगळं इंग्रजीत होतं, सुनंदा अर्थ सांगत होती. पंचवीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला कुणी असं विचारलं नव्हतं. मी मांत्रिक झालो.

पडदा काळा होता. मध्यभागी एक बोटभर उंचीचा माणूस उभा, निळी कफनी घातलेला. तो मी. बाणाचं बटण दाबलं की तो एक पाऊल टाकायचा, आणि टाकलेल्या पावलाभोवतीची तेवढीच जमीन उजळायची. गवत, मग विहीर, मग वेस. पुढे काय आहे ते चालल्याशिवाय दिसणार नव्हतं. मी सह्याद्रीतले कितीतरी गड चढलो आहे, पण वरून काय दिसणार हे कुणीतरी आधी सांगितलेलंच असायचं. इथे सांगणारं कुणी नव्हतं.

वेशीत एक खाणावळवाला भेटला. उत्तरेच्या डोंगरात दिवे दिसतात, असं तो म्हणाला. मी नकळत मान लववून नमस्कार केला. परत गेलो तर पुन्हा तेच वाक्य.

"त्यो दर बारीला त्येच बोलणार," सुनंदा हसत म्हणाली. "त्याला नमस्कार कशाला घालताय?"

"माणूस बोलतोय तर नको घालू?"

"माणूस न्हवं त्यो मामा. हेडमास्तर समजा."

पुढे एक तिरंदाज सोबतीला मिळाला. रानातल्या वाटा त्याला ठाऊक होत्या. एक बटण दाबलं की तो मागून यायचा, दुसरं दाबलं की सांगितल्या जागी थांबायचा. एका काळ्या नदीवर तीन कमानींचा दगडी पूल होता, पुलाच्या तोंडाशी हात तुटलेली पांढरी मूर्ती. तिथे मी त्याला थांबवलं आणि डोंगरात शिरलो. खेळातला एक अख्खा दिवस हिंडून परतलो, तर तो तिथेच उभा. चेहऱ्यावर कंटाळा नाही, तोंडात तक्रार नाही. किती सोयीचा सोबती, असं मला वाटल्याचं आठवतं.

"मामा, दहाची गाडी गेली," सुनंदा म्हणाली.

"जाऊ दे. उद्या जातो."

बुधवारी नऊ वाजता मी पिशवी भरून दारात ठेवली आणि जाता जाता दहा मिनिटं म्हणून बसलो. डोंगरातले दिवे अगदी जवळ आले होते, एवढ्यात वीज गेली. ती अर्ध्या तासाने आली, पण माझी निळी कफनी पुन्हा पहिल्या विहिरीपाशी उभी होती.

"मधनं मधनं सेव्ह केलं न्हाई व्हय?" सुनंदाने कपाळाला हात लावला.

प्रवास जतन करून ठेवावा लागतो हे मला कुठे माहीत. मी पहिल्यापासून चालायला लागलो. दुपारी अक्का ताट घेऊन आली आणि माझ्या डोक्यावर उभी राहिली.

"कुंभारवाड्याला जायाचं म्हणून रजा काढलीस, आणि पेटीत मुंडकं घालून बसलायस. त्यो माणूस तिकडं वाट बघत असंल की."

"गाडी वेळेआधीच गेली, अक्का," मी म्हणालो. हे खोटं होतं. गुरुवारी तर मी पिशवीही भरली नाही.

शुक्रवारी गावातला ट्रान्स्फॉर्मर जळाला आणि दिवसभर वीज येणार नाही असं कळलं. म्हणून मी कुंभारवाड्याला गेलो. त्या वेळच्या लेखात मी "रानाची ओढ स्वस्थ बसू देईना" असं लिहिलं होतं. कारण ट्रान्स्फॉर्मर होता.

जोयडा सोडल्यावर गाडीत आठ-दहा माणसं उरली. दोन्ही बाजूंना उंच रान, मधेच खाचरांचा मोकळा तुकडा, कापणी होऊन गेलेला, कडेला गवताची उडवी. साडेबाराला कुंभारवाड्याच्या स्टॉपवर एकटा उतरलो. तिथे कुणी नव्हतं. देऊबाबांचं घर रानात आत मैल-दीड मैलावर, एवढंच ठाऊक होतं. पायवाटेला लागलो.

पहिला फाटा आला. उजव्या वाटेच्या तोंडावर एक हिरवी डहाळी आडवी टाकलेली होती, तिच्यावर दगड. मला आनंद झाला. खेळात मी असंच करत असे. चक्रव्यूहात हरवू नये म्हणून ज्या वाटेने जायचं तिच्यावर एखादी वस्तू टाकून ठेवायची. देऊबाबांनी माझ्यासाठी खूण ठेवली होती. मी डहाळी ओलांडून उजवीकडे गेलो. पुढच्या फाट्यावरही डहाळी, तीही ओलांडली. चौथ्या फाट्यानंतर वाटच संपली. समोर बांबूचं बेट, खाली कोरडा ओहोळ आणि काट्यात अडकलेला माझा सदरा.

तासाभराने गोठ्यात अंथरायला पालापाचोळा गोळा करणारी एक बाई भेटली. डोक्यावरचा भारा खाली ठेवून तिने मला नखशिखांत पाहिलं.

"मास्तर न्हवं तुम्ही? मंगळवारी येणार होता ते?"

ती देऊबाबांची बायको होती.

"डहाळ्या बघत बघत आलो," मी म्हणालो.

"ओलांडून आलात व्हय?" तिला हसू आवरेना. "अवो, डहाळी टाकलेली वाट बंद असते. हिकडं येऊ नका म्हणून तर टाकली. बेळगावात काय, दाराला कडी असली की आत शिरतात काय?"

तिने मला परत पहिल्या फाट्यापर्यंत आणलं आणि खाली बोट दाखवलं. दगडाखाली एक नव्हे, चार डहाळ्या होत्या. सगळ्यांत खालची पानं तपकिरी होऊन गळायला लागलेली. तिच्यावरची सुकलेली. तिसरी मलूल. सगळ्यांत वरची ताजी.

"ही मंगळवारची, ही बुधवारची, ही कालची," ती सांगत गेली. "वाळलेली डहाळी कुणी मानत न्हाई, म्हणून रोज नवी. तीन दिस गाडी येईस्तोवर स्टॉपवर बसले होते. आज रानकामाची हजेरी चुकवता येईना. तरी जाताना टाकून गेले, तुम्ही चुकाल म्हणून. दिवेलागणीला येतील, तोवर घरला चला."

मी तिथेच तिच्या शिदोरीतली उकडलेली मुडली (तिकडचा एक मोठा कंद) खाल्ली, मीठ आणि मिरचीबरोबर. पण घरी गेलो नाही. देऊबाबांच्या समोर बसून काय सांगणार होतो? शिवाय वीज शनिवारी येणार होती, हेही मनात होतं.

"मला उळवी गाठायचीय," मी म्हणालो. "निघतो."

"एकटं नका जाऊ."

"वाट काढीन."

तिने उळवीची वाट दाखवली. ती बाई दिसेनाशी होईपर्यंत मी चाललो, मग वळून स्टॉपवर आलो आणि चारच्या परतीच्या गाडीने रामनगरला पोचलो. शनिवार-रविवार मी काळ्या नदीच्या पलीकडे होतो.

बेळगावला आल्यावर संपादकांनी लेख मागितला आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. मी लिहायला बसलो. "ठरलेला वाटाड्या आलाच नाही, या रानात माणसाच्या शब्दाचा भरवसा नाही," अशी सुरुवात केली. मग एकट्याने रान तुडवलं. काळ्या पाण्याची नदी आली, तीन कमानींचा प्राचीन पूल आला, हात तुटलेली मूर्ती आली. डोंगरातले दिवे उळवीचे झाले. वाचकांची पत्रं आली. मी ती जपून ठेवली.

पुढच्या पावसाळ्यात सुनंदा बेळगावला आली. तिने आधी काही विचारलं नाही. जेवण झाल्यावर म्हणाली, "मामा, त्यो पूल माझ्या कॉम्प्युटरातला हाय."

मी सुपारी कातरायला घेतली.

"देऊबाब आले होते आमच्याकडं. कुणीतरी त्यांना कात्रण दिलं होतं. मला वाचून दाखवायला लावलं. दोनदा."

"रागावले असतील."

"न्हाई. मी म्हटलं, तुम्ही आला न्हाई असं मामांनी लिवलंय. तर म्हणाले, शुक्रवारी मी नव्हतोच की, ते मास्तरांनी खरंच लिवलंय. त्यांना पूल कुठं हाय तेवढंच पायजे होतं. उळवीला जाणारी माणसं लेख वाचून पूल दाखवा म्हणून त्यांच्या मागं लागली. मला ठाऊक नसलेली वाट या रानात असंल तर मी कुणाला न्यायचं न्हाई, असं म्हणतात. आता पायी जाणाऱ्यांना गाडीनं जावा म्हणून सांगतात." मग ती म्हणाली, "मी तुमचं नाव घालवलं न्हाई मामा. पण तुम्हीच जाऊन सांगा."

पुढच्या माघात मी गेलो. या वेळी ठरल्या दिवशी. देऊबाब स्टॉपवर बसले होते. साठीचा, लहान चणीचा माणूस, कमरेला कोयता. मी बोलायला तोंड उघडण्याआधीच ते उठले.

"बरं झालं आलात मास्तर. चला, पूल दाखवा. माझ्या बापानं बी कधी सांगितला न्हाई."

त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की मी चालायला लागलो. वाटेत सांगू, असं स्वतःला म्हटलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा ते रान पाहिलं. ते झाडं दाखवत होते, गव्याचे माग दाखवत होते, खडकाखालचं पाणी काढून देत होते, आणि प्रत्येक फाट्यावर थांबून नम्रपणे विचारत होते, "हिकडं की तिकडं?" मी हात दाखवेन तिकडे ते जात. आपल्याच रानात ते माझ्या मागून चालत होते.

ऊन कलल्यावर आम्ही एका ओढ्याशी आलो. मी थकलो होतो. मी म्हणालो, "इथंच होता बहुतेक. पावसात वाहून गेला असेल."

देऊबाबांनी काठ पाहिला. "दगडाचा म्हणालात न्हवं?"

"हो."

"मग दगड तरी ऱ्हायला पायजेत."

त्यांनी कोयता काठावर ठेवला, गुडघाभर पाण्यात उतरले आणि वाकून तळ हातांनी चाचपू लागले. या काठापासून त्या काठापर्यंत. मी काठावर उभा होतो. तेव्हा एक वाक्य पुरे होतं. मी ते बोललो नाही. बऱ्याच वेळाने ते कमरेला हात देऊन सरळ झाले.

"असंल," ते म्हणाले. "पाण्याचं काय सांगावं."

रात्री त्यांच्या घरी पेज जेवलो. त्यांच्या बायकोने वाढताना माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. सकाळी ते मला गाडीवर घालवायला आले. खिडकीशी येऊन म्हणाले, "पुन्यांदा यायचं झालं तर कळवा मास्तर. मी हितंच असतो."

मी मान हलवली. रामनगर, खानापूर, बेळगाव, परत आलो. पुन्हा कधी कळवलं नाही. देऊबाब वारल्याचं काही वर्षांनी सुनंदाने सांगितलं. शेवटपर्यंत त्यांनी पुन्हा कुणाला रानातून नेलं नव्हतं.

ज्या वाचकांनी तो जुना लेख वाचला असेल, त्यांच्यासाठी एवढंच. देऊबाब मंगळवारी आले होते. बुधवारी आले होते. गुरुवारी आले होते. कुंभारवाडा आणि उळवीच्या मधे तीन कमानींचा पूल नाही, आणि कधी नव्हता. त्या रानात देऊबाबांना ठाऊक नसलेली एकही वाट नव्हती.