सानोबरच्या ताटलीतली बाटली

आमच्या मर्गिलान गावातल्या गल्लीत औषधाचं दुकान चालवणाऱ्या मुकद्दसला सगळे तुसडी म्हणतात. मीही म्हणायचे. हसून बोलणं तिला जमत नाही, आणि चिठ्ठीशिवाय ती सख्ख्या भावालाही गोळी देणार नाही. आता मात्र तिच्याबद्दल कुणी वावगं बोललं तर मी भांडायला उठते.

गेल्या वर्षी माझा डावा डोळा आतून सुजून लाल झाला. रेशमाच्या ताण्यावर, विणण्याआधीच्या उभ्या धाग्यांवर, कोळशाने नक्षी आखायचं माझं काम, तेच थांबलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉइडचे थेंब दिले. आधी दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला कमी करत जायचं, आणि मध्ये डोळ्याचा दाब तपासून घ्यायचा. मुकद्दसने औषधाच्या खोक्यावर रोजच्या थेंबांइतकी टिंबं काढून सगळा हिशेब मांडून दिला. मला काय अडाणी समजते, असं वाटून रागच आला. दहा दिवसांत डोळा पांढराशुभ्र झाला आणि मी थेंब बंद केले. बरं झाल्यावर औषध कसलं?

त्याच आठवड्यात शेजारच्या सानोबरने ताटलीभर सामसे, आमचे भट्टीत भाजलेले समोसे, पाठवले. ती एकटी, टोप्यांवर भरतकाम करते. तिचं पोट तिच्या दोन डोळ्यांवर, आणि त्यातला एक लाल झाला होता. आमच्यात शेजारणीची ताटली रिकामी परत करत नाहीत. घरात अक्रोड होते, पण मला भारी उदारपणा सुचला. मी ताटलीत माझ्या उरलेल्या थेंबांची बाटली ठेवली.

तिसऱ्या दिवशी मी तंदूरमधलं गरम नान घेऊन मुकद्दसकडे गेले, डोळा मिरवायलाच म्हणा. तिने नानचा तुकडा मोडून तोंडात घातला.

“आज किती थेंब, ओपा?” मला ती ओपा, म्हणजे ताई, म्हणते.

“एकही नाही. बाटली सानोबरला दिली. तिची लालीपण गेली बघ.”

तिचं चावणं थांबलं. “तिला दिसतंय कसं?”

“जरा धुरकट म्हणते, एवढंच.”

मुकद्दसने रांगेतल्या लोकांना उद्या यायला सांगितलं आणि दुकान बंद केलं. ती झपाझप पुढे, मी धापा टाकत मागे. “लाली गेली म्हणजे रोग गेला असं नाही, ओपा. हे थेंब लाली झाकतात. आत विषाणू असला तर त्याला रान मोकळं.” सानोबरच्या हातातून तिने बाटली काढून घेतली आणि आम्हा दोघींना टॅक्सीत कोंबून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

सानोबरच्या बुबुळावर विषाणूची जखम निघाली, माझ्या थेंबांनी पसरत चाललेली. आणखी काही दिवस गेले असते तर डोळा हातचा गेला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला वेगळं औषध मिळालं. माझ्या डोळ्यातली सूज आत शिल्लक होतीच, मला पुन्हा थेंब आणि दाबाची तपासणी.

मुकद्दस रोज संध्याकाळी दुकान बंद करून सानोबरकडे जायची, हात धुऊन स्वतः तिच्या डोळ्यात औषध घालायची. सानोबर माझ्याशी मात्र बोलेना. तिची ताटलीही येईना. माझ्या घरात त्या ताटलीची तेवढी एक जागा रिकामी दिसायची.

अठ्ठाविसाव्या दिवशी ताटली आली. तिच्यात एक काळी टोपी होती, पांढऱ्या रेशमाने भरलेली, बारीक बारीक टाक्यांची. एकही टाका वाकडा नव्हता.

मी टोपी घेऊन तडक दुकानात गेले. मुकद्दसने टाक्यांवरून बोट फिरवलं, बाहीने डोळे टिपले आणि लगेच कपाळाला आठ्या घातल्या.

“आज किती थेंब?”

“एक,” मी म्हणाले. “खोक्यावर बघून घातलाय.”