पाटाने उंबरठा कसा ओलांडला

खोटा नम्रपणा मला जमत नाही. आर्णीत राहून, हातात कॅमेरा घेऊन लग्न-बारशाच्या शूटिंगपलीकडचं काही करणारी पहिली बाई मीच. तेव्हा ‘व्हिडिओ आर्ट’ हा शब्द मला माहीत नव्हता, आणि शहरात ज्यांना तो माहीत होता त्यांना आर्णी माहीत नव्हतं. म्हणजे फिटंफाट.

मागच्या महिन्यात पुण्याहून क्युरेटर आली. प्रदर्शनात काय लावायचं, कुठं लावायचं, पाटीवर काय लिहायचं, हे सगळं ठरवणारी. वयानं माझ्या निम्मी, पण नजर पक्की. माझ्या आजवरच्या सगळ्या कामाचं मोठं प्रदर्शन ती भरवणार होती आणि त्याचा डोलारा माझ्या पहिल्या फिल्मवर उभा होता. नावसुद्धा ठरलेलं : ‘एकटी’. मला ते फार आवडलं होतं, उगाच कशाला लपवू?

समोरच्या खोलीत टीव्हीवर फिल्म लावली. माझी धाकटी जाऊ तिथंच खाली बसून तुरीची डाळ निवडत होती. आम्ही दोघी लग्नापासून याच घरात. कॅमेरा तिच्या नवऱ्याचा, म्हणजे माझ्या दिराचा. तो लग्नांचं शूटिंग करायचा आणि मी दुपारी तो पळवायचे.

फिल्ममध्ये काही विशेष घडत नाही. मी मागची खोली शेणानं सारवतेय. सारवताना माणूस मागं मागं सरकतो. तशी मी सरकते, माझी पाठ दिसते, आणि माझ्यासोबत कॅमेराही मागं सरकत जातो. एवढंच. पण तेव्हा असं कोणी केलं नव्हतं, हेही खरं.

मी दाराशी आले तशी क्युरेटरनं फिल्म थांबवली.

‘‘ताई, तुम्ही मुलाखतीत सांगता की कॅमेरा पाटावर ठेवला होता आणि पाट टाचेनं मागं ढकलत होतात.’’

‘‘हो, मग?’’

‘‘माझी आई इकडचीच, ढाणकीची. सुट्टीत मी तिथं सारवलंय. दाराला हा एवढा उंबरठा असतो. पाटानं तो ओलांडला कसा?’’

मी चिडले. ‘‘अगं, तू कला पाहायला आलीस की पंचनामा करायला?’’ चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! कारण पडद्यावर स्पष्ट दिसत होतं. चित्र अलगद वर उचललं जातं, उंबरठ्यावरून जातं आणि पलीकडे टेकतं. पाट असा चालत नाही. एवढे जाणकार ही फिल्म पाहून गेले, कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्यातल्या कोणी जन्मात सारवलं नव्हतं.

पाट नव्हताच. पहिल्यांदा शहरात बक्षीस घेताना कोणीतरी विचारलं, ‘‘सगळं एकटीनं?’’ आणि मी ‘हो’ म्हटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यापुढं ते पाटाचं रचावं लागलं. नंतरच्या सगळ्या फिल्म खरोखर मी एकटीनं केल्या. ही नाही.

जाऊ सुपातली डाळ निवडतच होती. मला वाटलं, बोलले तर प्रदर्शन जाईल, आणि नाही बोलले तर ही माझ्यासमोर बसून डाळ निवडत राहील. आजवर राहिलीच की! लाज वाटली.

‘‘हिनं धरला होता,’’ मी म्हटलं. ‘‘उकिडवी बसून, गुडघ्यावर कॅमेरा घेऊन, माझ्यामागं सरकत होती. नवी नवरी होती. मी म्हटलं धर, तिनं धरला.’’

जावेनं मान वर केली. ‘‘मले वाटलं, तुमी इसरल्या.’’

क्युरेटरनं फिल्म पुढं सुरू केली. पडद्यावर मी उठून निघून गेले. आता नुसतं दार आणि आत ओली जमीन; मे महिन्याच्या उन्हानं तिच्या कडा हळूहळू पांढरट होत जातात. सात मिनिटं. लोक सगळ्यात जास्त याच सात मिनिटांबद्दल बोलतात.

‘‘आणि हे?’’ तिनं विचारलं.

‘‘हे चुकून राहिलं. मी हात धुवायला गेले, जाताना हिला म्हटलं, बंद कर. हिला बटण सापडलं नाही.’’

‘‘काहून नाही सापडन?’’ जाऊ म्हणाली. ‘‘माह्या नवऱ्याचा कॅमेरा होता तो. बटण मले तुमच्याइतकंच माहीत.’’

‘‘मंग बंद काहून नाही केला वो?’’ मीही तिच्याच बोलीत विचारलं.

‘‘चांगलं दिसून राह्यलं होतं, बाई.’’

मी टीव्हीकडे पाहत बसले. त्या सात मिनिटांवर मी किती भाषणं ठोकलीत! दर वेळी मनात म्हणायचे, नशीब, पोरीला बटण सापडलं नाही.

‘‘ते ‘एकटी’ काढून टाक,’’ मी क्युरेटरला म्हटलं. ‘‘आणि या फिल्मखाली लिही, कॅमेरा हिचा. प्रदर्शन ठेवायचं की नाही ते तू ठरव.’’

तिनं वही उघडली आणि जावेला नाव विचारलं. मला वाटलं, ही आता लाजून नको नको म्हणेल. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले.

‘‘लिहूनच राह्यल्या त पुरं लिहा,’’ ती म्हणाली. ‘‘माहेरचंही लिहा.’’