अवकाशवीराच्या मापाचा माणूस

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कधी अवकाशात गेले नाहीत. साध्या विमानातही बसलेले नाहीत. पण जो अवकाशात जाऊन आला, त्याची आणि यांची उंची, छाती, खांदे, मांडीची लांबी, सगळं सारखं. देवाने एकाच कापडातून दोघांना बेतलं, एकाला वर धाडलं आणि एकाला आमच्या ताईच्या गळ्यात बांधलं, असं मी म्हणायचे. भाऊजी हसायचे. तेव्हा ते हसत असत.

अवकाश केंद्राच्या कार्यशाळेत ते माप देण्याचं काम करत. खऱ्या अवकाशवीराचा वेळ मोलाचा. म्हणून त्याचा पोशाख आधी यांच्या अंगावर चढे, त्याच्या पाठीसाठी ओतलेल्या खुर्चीत आधी हे आडवे होत. मग सरावाचं यान, म्हणजे बसायला जेमतेम जागा असलेला जाड पत्र्याचा गोल डबा, त्यात यांना पट्ट्यांनी आवळून झडप लावून टाकत. पट्टा कुठे रुततो, हात कुठवर पोहोचतो, मान कधी अवघडते, ते यांनी सांगायचं. सगळे त्यांना मापकाका म्हणत. माप बदलू नये म्हणून वजन वाढवायचं नाही की घटवायचं नाही. ताईच्या सासूबाई म्हणणार, "पोराला पोटभर वाढ गं," आणि कार्यशाळेतून निरोप येणार, की काकांची कंबर सुटतेय. ताईची अवस्था इकडे आड तिकडे विहीर.

एकदा हे आत असताना त्या झडपेची कडी अडकली. बाहेरच्यांनी पहार आणून ती उचकटली, "सॉरी हं काका" म्हणाले, चहा पाजला आणि विषय संपला. त्यांच्यापुरता संपला. भाऊजी त्या दिवसापासून न्हाणीघराला कडी लावेनात. लिफ्ट दिसली की जिना धरत. यानात बसलेल्या माणसाने आतून एक थाप मारली की सगळं ठीक, तीन मारल्या की ताबडतोब उघडा, अशी कार्यशाळेची खूण. ताई म्हणाली, हे आता झोपेतही पलंगाच्या फळीवर तीन थापा मारतात आणि दचकून उठतात.

"अहो, मग साहेबांना सांगून टाका ना," मी एकदा चिडून म्हटलं. "तुम्ही काय अपराध केलाय?"

"उड्डाण तोंडावर आलंय. आता मी मागे सरलो तर या मापाचा दुसरा माणूस कुठून आणायचा त्यांनी? यान सुखरूप परतू दे. मग भांडारात बदली मागतो."

"नक्की?"

"तुझ्या ताईची शपथ. एका खोलीत नटबोल्ट मोजत बसेन. पण खोलीला खिडकी पाहिजे."

यान सुखरूप परतलं. लोक रस्त्यावर नाचले. आणि भाऊजी तोंड उघडणार, तोच सरकारने जाहीर केलं की अवकाशवीराला देशाचं सर्वांत मोठं पदक मिळेल आणि त्याच्याबरोबर पडद्यामागच्या काही जणांचाही सन्मान होईल. त्यात आमचे मापकाका. सासूबाईंनी तासाभरात अख्ख्या गल्लीला ही बातमी पोहोचवली, दोन घरी तर परत जाऊन सांगितली. भाऊजींनी नवा सदरा शिवायला टाकला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "समारंभ झाला की तिथेच साहेबांना गाठतो. त्या वेळी ते खूश असतील." त्यांनी वाक्यही पाठ केलं होतं. साधं, चांगलं वाक्य होतं.

सभागृहात आम्ही चौथ्या रांगेत होतो. पहिलं पदक अवकाशवीराचं. ते गळ्यात घालून, हात हलवून तो पुढच्या सत्काराला रवाना झाला. गडी देखणा, दोष त्याचा नाही. मग इतरांची नावं आली. भाऊजींना पदक घातलं गेलं तेव्हा मीसुद्धा टाळ्या पिटल्या, खोटं कशाला सांगू? डोळे भरून आले माझे.

मंचावर शोभेसाठी तेच सरावाचं यान आणून ठेवलं होतं. मंत्रीबाई उत्साही. माइकवर म्हणाल्या, "काका, आम्हाला दाखवा की, तुम्ही कसे बसत होतात! फोटो होऊन जाऊ दे." साहेबांनी मान डोलावली. कार्यशाळेतल्या कुणालाच निमंत्रण नव्हतं. भाऊजींनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि आत बसले. फोटो खरा दिसावा म्हणून कुणीतरी झडप लावली. बँड सुरू झाला.

थाप. थाप. थाप.

"ऐकलंत?" निवेदक ओरडला. "आतून सलामी!" सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. पुन्हा तीन थापा आल्या, आणखी जोरात. लोक त्या ठेक्यावर टाळ्या वाजवू लागले.

ताई उठून धावली. पायऱ्यांवर रक्षकाने तिला अडवलं. "उघडा! अहो, दार उघडा त्यांचं!" ती किंचाळत होती, आणि निवेदक म्हणतो, "पाहा, पत्नीलाही राहवेना!" मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. बसल्या जागी मी नुसती हात चोळत होते, कारण मधल्या रांगांतली माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि मला वाट मिळत नव्हती.

शेवटी मंत्रीबाईंनी हसत खूण केली, झडप उघडली. भाऊजी बाहेर आले ते घामाने निथळत, ओक्साबोक्शी रडत. ताईने त्यांना कवेत घेतलं. कॅमेरे तुटून पडले. मंत्रीबाईंचेही डोळे पाणावले.

"काय ही निष्ठा!" साहेब माइकपाशी आले. "पुढच्या उड्डाणालाही मापकाकाच. त्यांच्याशिवाय आम्हाला करमायचं नाही." सगळे उभे राहिले. माइक भाऊजींच्या तोंडाशी धरला गेला. ते पाठ केलेलं वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मी लांबूनही पाहिलं, ओठ हलले होते. पण बाहेर आलं ते, "आभारी आहे."

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तो फोटो होता. खाली मथळा, आनंदाश्रू. सासूबाईंनी तो चौकटीत घालून बैठकीत लावला. शेजारपाजारचे येत, चौकटीसमोर उभे राहत आणि भाऊजींचा हात हातात घेऊन म्हणत, "धन्य आहे तुमची."

सोमवारी मी मुद्दाम सकाळीच ताईकडे गेले. भाऊजी दारात चपला घालत होते. ताईने डबा हातात दिला आणि दबल्या आवाजात विचारलं, "आज तरी सांगाल ना साहेबांना? मी येऊ का बरोबर?"

"काय सांगू?" ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली मला. "अगं, एवढ्या माणसांसमोर मी ओरडून रडलो. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आता याहून मोठ्याने कसं सांगायचं, तूच सांग."

ते जिना उतरून गेले.