बेरीज शंभर होईना
खोडरबराचा वास आला की मला मँचेस्टरच्या लॅबमधली पहिल्या वर्षाची ती दुपार आठवते. खनिजातल्या घटकांची वजनं तिसऱ्यांदा घेतली, तरी बेरीज शंभर टक्के होईना; एक्क्याण्णववरच अडायची. नुसता वैताग आला होता. नापास झालो तर घरी काय सांगणार? आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. शेवटी गावच्या कॉलेजात करायचो तेच केलं: पेन्सिलीचे आकडे खोडले आणि उत्तरावरून उलटी रीडिंग्ज जुळवली. प्रॅक्टिकल घेणाऱ्या पुण्याच्या ताईने वही पाहून कपाळाला हात लावला. "अरे, काल प्रेझेंटेशन कुणावर दिलंस?" "जर्मेनियम शोधणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञावर." "त्याची बेरीज किती भरत होती?" "त्र्याण्णव," मी पुटपुटलो. "मग त्याने जुळवली?" "नाही." त्या हरवलेल्या सात टक्क्यांच्या मागे लागूनच त्याला नवं मूलद्रव्य सापडलं, हे मीच वर्गाला ऐकवलं होतं. "मग खरे आकडे लिही. आणि पेनाने!" माझ्या नऊ टक्क्यांत मूलद्रव्य वगैरे काही नव्हतं, बीकरच्या तळाला चिकटलेला गाळ होता. माझी बेरीज अजूनही कमी पडते, चिडचिडही तेवढीच होते, पण आता मी आधी बीकर बघतो.