अण्णांचा दोरा आणि फ्लॅशचा डोळा

फोटो स्टुडिओत माणूस येतो तो दोन मिनिटं शहाण्यासारखं बसायला. आणि शहाण्यासारखं बसायचं म्हटलं, की तो हमखास काहीतरी वेडेपणा करतो! त्यामुळे निगेटिव्ह डब्यांत साठत जातात आणि किस्से आमच्या डोक्यात. डबे निदान दिवाळीला झटकता तरी येतात.

सत्तर सालानंतरची सात-आठ वर्षं मी सोलापुरात चन्नप्पाअण्णांच्या स्टुडिओत होतो. आम्ही तिघं. मालक अण्णा, मी आणि यूसुफभाई. अण्णांच्या घरात कानडी, दुकानात मराठी, यूसुफभाईंची दखनी. भांडण मात्र तिन्ही भाषांत चालायचं.

अण्णांचं हत्यार म्हणजे एक दोरा. चादरीच्या मागावरचा जाडसर दोरा, त्यात अंतराअंतरावर रंगीत गाठी. लाल गाठ पाच फुटांवर, हिरवी सात, पिवळी दहा, निळी चौदा. फ्लॅशचा उजेड लांब जाईल तसा कमी पडतो, म्हणून प्रत्येक रंगाला लेन्सचं तोंड किती उघडायचं ते ठरलेलं. दोऱ्याचं एक टोक गिऱ्हाइकानं नाकाजवळ धरायचं, दुसरं अण्णांच्या मुठीत. दोरा ताणला, गाठ बघितली, फोकस आणि उजेड दोन्ही लावले, की अण्णा म्हणायचे, "सोडा!" गिऱ्हाईक टोक सोडायचं, दोरा खिशात जायचा आणि मग फोटो.

"एकदा अंतर धरलं, की कॅमेरा कुटंबी फिरवा," अण्णा म्हणायचे. "माणूस जागचा हललाय व्हय?"

*

एकदा एक फौजदारसाहेब कुटुंबासाठी म्हणून एकट्याचाच फोटो काढायला आले. दोऱ्याचं टोक नाकाशी धरून ताठ उभे राहिले. अण्णा मागे सरकू लागले. दोरा ताणला की साहेब एक पाऊल पुढे! अण्णा आणखी मागे, साहेब आणखी पुढे. असं करत वरात पार दुकानाच्या पायरीपर्यंत गेली.

"साहेब, थांबा की हो!"

"मी कसा थांबू? तुम्हीच ओढताय!"

आम्ही पोटभर हसलो. पण साहेब पुढे येतायत हे अण्णांना पायरीवर पाय पडेपर्यंत दिसलं नव्हतं, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

*

मग एका सकाळी अण्णांनी खुंटीवरच्या कोटाला सांगितलं, "हनुवटी जरा वर घ्या."

कोटानं ऐकलं नाही. गिऱ्हाईक शेजारच्या बाकावर बसलं होतं!

त्या दिवशी अण्णांनी मला आत नेऊन सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कॅमेऱ्यातून बघितलं की सगळं धुकं. ऑपरेशनला ते भीत होते. तेवढ्यात एकुलत्या एक लेकीचं, गिरिजाचं, लग्न ठरलेलं, वैशाखातलं. "तिचा लग्नातला फोटू मीच काढणार," अण्णा म्हणाले. "ऑपरेशन त्याच्यानंतर. डोळं गेलं तर मग जाऊंदेत. घरात बोलायचं न्हाय."

मी बोललो नाही. पण मला काळजी वाटू लागली, हे खरं.

*

त्याच सुमाराला यूसुफभाईंच्या मेहुण्यानं दुबईहून ऑटोमॅटिक फ्लॅश आणला. त्याला समोर वाटाण्याएवढा डोळा. समोरून उजेड परत किती येतोय ते हा डोळा बघणार आणि पुरे झालं की फ्लॅश आपोआप तोडणार. ना गाठी, ना हिशेब!

"अब दोरी को छुट्टी देव, अण्णा," यूसुफभाई म्हणाले.

पहिली मोहीम कुंभारीला, गोरज मुहूर्ताचं लग्न. यूसुफभाईंनी नवरीच्या चेहऱ्यावर फोकस केला, मग कॅमेरा सरकवून नवराही आत घेतला. नवरा-नवरी लाजून हातभर लांब उभे. फ्लॅशच्या डोळ्यासमोर आली ती दोघांमधली फट आणि फटीतून पलीकडचं अंधारलेलं शेत. डोळ्याला वाटलं, उजेड पुरत नाही. त्यानं होता नव्हता तेवढा ओतला.

चेहरे पांढरेफटक पडलेला फोटो घेऊन नवरीचे मामा दुकानात आले. "ह्यात नवरा-नवरी कुटं हायत? एक फेटा आन् एक नथ दिसतीय नुसती!"

*

दुसरी मोहीम सांगोल्याला, एका पुढाऱ्यांचा सत्कार. यूसुफभाई आता शहाणे झाले होते, फट म्हणून ठेवली नाही. साहेबांच्या चेहऱ्यावर फोकस केला आणि पायापर्यंतचा हार यावा म्हणून कॅमेरा खाली आणला. डोळ्यासमोर आलं परीटघडीचं पांढरंशुभ्र धोतर. डोळा म्हणाला, बास, भरपूर झाला! आणि फ्लॅश आधीच तुटला, चेहरा अंधारातच राहिला.

पुढाऱ्यांनी फोटो बराच वेळ निरखला. "धोतर वळकलं," ते म्हणाले. "आतला माणूस कोण हाय?"

यूसुफभाई परत आले ते थेट अण्णांसमोर बसले. "अण्णा, मेरेकू भी एक दोरी बनाके देव."

अण्णांनी नवा दोरा आणि रंगीत सूत काढलं. गाठी मात्र माझ्याकडून मारून घेतल्या.

*

गिरिजाचं लग्न मंगल कार्यालयात झालं. सगळं लग्न यूसुफभाईंनी टिपलं, हातात नवा दोरा घेऊन. अण्णांच्या बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "आज तुमी बाप हायसा, फोटोग्राफर न्हाय." अण्णा दिवसभर पाहुण्यांत बसून राहिले.

पाठवणीच्या आधी ते उठले. "एकच काढतो."

मी फ्लॅश धरून त्यांच्या खांद्याशी उभा राहिलो. गिरिजा कुठल्या बाजूला आहे हे त्यांना बरोबर कळत होतं, पण समोरचं कितपत दिसत होतं ते मला माहीत होतं. खिशातून दोरा निघाला. गिरिजानं न सांगता टोक घेतलं आणि नाकाजवळ धरलं. लहानपणापासून दुकानात हेच करत आली होती. अण्णा मागे सरकले. दोरा ताणला. त्यांनी अंगठ्यानं गाठी चाचपल्या आणि मला हळूच विचारलं, "हिरवी?"

"हिरवी."

सात फूट. लेन्सवर आकडे मी बघून दिले. अण्णांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि जावई आत येईल इतका बाजूला फिरवला. आता "सोड" म्हणणार म्हणून गिरिजा थांबली. मीही थांबलो. जावई दोऱ्याकडे बघत राहिला.

अण्णा "सोड" म्हणालेच नाहीत. फ्लॅश उडाला.

फोटो धुतला तेव्हा चेहऱ्यांवरचा उजेड इतका नेमका पडला होता, की यूसुफभाई नुसते "वा!" म्हणाले. फक्त गिरिजाच्या चिमटीतून तो दोरा निघालेला, जवळ येईल तसा जाड आणि पुसट होत सरळ बघणाऱ्याच्या छातीशी आलेला. यूसुफभाई निगेटिव्हवरून तो पुसायला ब्रश घेऊन बसले. अण्णांनी ब्रश काढून घेतला.

तो फोटो दुकानात दर्शनी भिंतीवर लागला. ऑपरेशनची तारीख अजून मिळायची होती. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणायचं, "अण्णा, दोरा ऱ्हायला की फोटोत!"

अण्णा फोटोकडे तोंड करून विचारायचे, "ते असूंदे. पोरगी हसतीय का, तेवढं सांगा."